नीरेचे दहा गुण

फासे कॅरमबोर्डावर दोन उड्या मारून थांबले. एकावर चार, दुसऱ्यावर एक.

"पाच," ओव्हाळ म्हणाले. "बोल्ड. बंडूची पाचवी विकेट, साहेब."

वैशंपायन साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा भीमा संघ एकोणनव्वद धावांत संपला होता आणि ओव्हाळांच्या नीरेने लागोपाठ पाचवा सामना जिंकला होता. शेजारच्या टेबलावर माझा सामना नुकताच संपला होता. मी उठलो आणि खडू घेऊन भिंतीवरच्या फळ्याकडे गेलो. नीरा दहा. माझी सीना सहा. साहेबांची भीमा सहा. येरळा चार, वेण्णा दोन, माणगंगा दोन. मोसमाचे पाच सामने झाले होते, पाच बाकी होते.

"ओव्हाळ, फाशांना अंगारा लावून आणता की काय?" आमचे हेडक्लार्क फडतरे म्हणाले. सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होऊन दोन वर्षं होत आली होती, अजून कायम झालो नव्हतो आणि एका धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वसाहतीत राहत होतो. सिनेमा बघायचा तर अठ्ठावीस किलोमीटर जावं लागायचं. टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्याच दिसायच्या. करमणूक केंद्र म्हणून एक खोली होती, तिच्यात दोन कॅरमबोर्ड होते आणि सोंगट्या निम्म्या हरवलेल्या होत्या. त्या बोर्डांवर खेळायला मी फाशांचं क्रिकेट तयार केलं. सहा जणांचे सहा संघ, संघांना नद्यांची नावं. खेळाडू सगळे कल्पनेतले, त्यांची नावं ज्याची त्याने ठेवायची. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. दोन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि त्या बेरजेला किती धावा ते फलंदाजाच्या कार्डावर बघायचं. गोलंदाजाच्या कार्डावर बळीचे दोन आकडे असायचे. बेरीज त्यांतली आली की फलंदाज बाद. कुणाला कोणते आकडे द्यायचे ते मी आधी एका रजिस्टरमध्ये ठरवलं, मग रजिस्टर पुढ्यात ठेवून सहासष्ट कार्डं स्वतःच्या हाताने लिहिली.

शनिवारी दुपारी आम्ही जमायचो. वैशंपायन साहेब उपअभियंता, म्हणजे आम्हा सगळ्यांचे वरिष्ठ, पण तिथे ते बनियनवर शर्टाची बटणं उघडी टाकून बसायचे आणि फासा मनासारखा नाही पडला की लहान मुलासारखे चिडायचे. फडतरे, स्टोअरकीपर मठपती आणि दवाखान्यातले कंपाउंडर हे आणखी तिघे. सहावे प्रल्हाद ओव्हाळ.

ओव्हाळ आमच्या ऑफिसात ट्रेसर होते. आम्ही अभियंत्यांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे आणि जमिनीच्या उंचीचे आकडे ते शाईने ट्रेसिंग कागदावर उतरवायचे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. कमी बोलायचे. त्यांच्या हातचं अक्षर असं, की मुंबईहून आलेले मोठे साहेबसुद्धा नकाशावरचं लिखाण वाचायला वाकायचे.

संघांची नावं नोंदवत होतो तेव्हा बाकीच्यांनी थट्टेने कायकाय नावं दिली. मठपतींनी तर स्टोअरमधल्या सिमेंटच्या छापांची नावं दिली होती. ओव्हाळांनी मात्र कागदावर नीट लिहून आणलं होतं. पहिलं नाव बंडू ओव्हाळ, जलद गोलंदाज.

"हा कोण? तुमचा मुलगा?" मी विचारलं.

"थोरला भाऊ." ते म्हणाले, "लई जोरात टाकायचा, रावसाहेब. आमच्या हायस्कुलाच्या टीममध्ये त्याला घेत नव्हते. हद्दीबाहेर गेलेला बॉल आणून द्यायला ठेवायचे. एकदा तालुक्याच्या मॅचला एक गडी कमी पडला म्हणून उभा केला. एका ओव्हरीत तीन दांड्या काढल्या त्यानं. दुसरी ओव्हर काय दिली नाही."

"मग?"

"मग काय. शाळा सुटली. विहिरीच्या कामावर गेला, तिथं सुरुंगात गेला. एकविसाव्या वर्षी." त्यांनी कागदाची घडी उलगडून सारखी केली. "म्हटलं, कुठंतरी त्याच्या नावापुढं आकडे लागावेत."

हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. आमच्यात तेवढा विश्वास कसा होता, तेही सांगायला हवं. त्या ऑगस्टात माझ्या हातून कालव्याच्या उंचीचा एक आकडा चुकला होता आणि दोनशे मीटर खोदाई पुन्हा करावी लागली होती. साहेबांनी मला लेखी मेमो दिला. 'आकड्यांत पुन्हा हयगय आढळल्यास सेवेत कायम करण्याची शिफारस करता येणार नाही.' त्यानंतर महिन्याभरात माझी आणखी एक चूक झाली. ती साहेबांपर्यंत गेलीच नाही. ओव्हाळ माझा कागद घेऊन दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "रावसाहेब, ही लेव्हल एकदा बघता का? मला जरा उलटी वाटतीय." मी बघितलं. पाणी चढाला वाहील असा आकडा मी लिहिला होता. मी तो दुरुस्त केला. ओव्हाळ तो कागद घेऊन गेले आणि पुन्हा कधी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही.

तर त्या शनिवारी मी फळ्यावर तक्ता लिहून हात झटकत होतो तेव्हा साहेबांची हाक आली.

"निरगुडकर, जरा इकडे या. हा पाचाचा आकडा तुम्ही कुणाकुणाला दिलाय?"

"पाच?" मी हसून म्हणालो. "पाच कुणालाच नाही दिलेला, साहेब. बळीचे आकडे दोन, तीन, अकरा आणि बारा. एवढेच. पाच दिला तर निम्मा संघ एकटा गारद करेल."

"नक्की?"

"नक्की म्हणजे! तीनतीनदा तपासलंय मी."

"मग हे काय आहे?"

त्यांनी बंडूचं कार्ड माझ्यापुढे धरलं. मी ते घेऊन खिडकीशी गेलो. 'बंडू ओव्हाळ. जलद. बळी : 5, 12.' मी कार्ड बराच वेळ बघत राहिलो असणार, कारण फडतरे म्हणाले, "काय हो, काय झालं?"

"रजिस्टर आणा तुमचं," साहेब म्हणाले.

माझं क्वार्टर समोरच होतं. मी गेलो, फळीवरचं रजिस्टर काढलं, नीरेचं पान उघडलं. ते पुन्हा मिटलं, थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग परत आलो. तोवर सगळे एका टेबलाभोवती गोळा झाले होते. ओव्हाळ मात्र जागेवरच बसून होते. मी पान उघडून सगळ्यांच्या मध्ये ठेवलं.

"रजिस्टरला तीन आहे," मी म्हणालो.

 दोन फाशांवर तीन पडायच्या दोनच तऱ्हा असतात, पाच पडायच्या चार. हे गणित तिथे प्रत्येकाला येत होतं. पाच सामन्यांत बंडूचे बावीस बळी का झाले, ते सगळ्यांना एकदम कळलं.

फडतऱ्यांनी कार्ड उजेडासमोर धरलं. "इथं खरवडल्यासारखं वाटतंय, साहेब."

"ट्रेसरच्या हाताला काय अवघड आहे?" मठपती म्हणाले. "शाई ब्लेडनं खरवडायची, वरून दुसरा आकडा काढायचा. रोजचंच काम."

ओव्हाळ उठून उभे राहिले. "कार्ड मिळालं तसं खेळलो मी. त्यावर ब्लेड लावलेलं नाही."

"मग तिनाचा पाच काय आपोआप झाला?" साहेब म्हणाले. "खेळात कसली ही फसवणूक? आं? तुला काय वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही?"

साहेब त्यांना नेहमी अहो ओव्हाळ म्हणायचे. त्या दिवशी अहोचं अरे कधी झालं, ते बाकीच्यांच्या ध्यानातही आलं नाही.

 ओव्हाळ माझ्याकडे वळले.

"रावसाहेब, कार्डं तुम्ही लिहिलीत. तुम्ही बघा आणि सांगा. हा आकडा कुणाच्या हातचा आहे?"

"सहासष्ट कार्डं लिहिली, ओव्हाळ," मी म्हणालो. "एकेक आकडा कसा आठवणार?"

"आठवायला नाही सांगत. बघायला सांगतोय."

फडतऱ्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते पुन्हा बघितलं. अंगठा त्या आकड्यावरून फिरवला.

"तसं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

"राहू दे आता," साहेब म्हणाले. "खेळ आहे, खेळासारखा घ्यावा. नीरेचे गुण रद्द करा, ज्यांच्याशी सामने झाले त्यांना दोनदोन द्या. संपला विषय."

मी फळा पुसला. सीना आठ, भीमा आठ, येरळा सहा, वेण्णा चार, माणगंगा चार, नीरा शून्य. माझा आणि साहेबांचा संघ आता बरोबरीने वर होता. मग मी धावपत्रिकांची वही उघडली आणि लाल पेन्सिलीने नीरेचे पाचही सामने खोडायला लागलो. ओव्हाळ दाराशी जाऊन थांबले होते. बंडूच्या नावापुढच्या बावीस या आकड्यावर रेघ ओढली जाईपर्यंत ते बघत होते. मग त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

ते कार्ड गुळगुळीत होतं. कुठे खरवडलेलं नव्हतं. आणि तो पाच माझा होता. कार्ड खिडकीशी नेलं तेव्हा पहिल्याच नजरेत मी तो ओळखला होता. आपला आकडा माणूस आपल्या सहीसारखा ओळखतो. लिहिताना धावांच्या रकान्यावर नजर गेली असेल, कुणी हाक मारली असेल, काय झालं असेल ते आता सांगता येणार नाही. मी तीन बघून पाच लिहिला होता. सीना नीरेशी खेळली तेव्हाही माझं लक्ष माझ्याच धावांवर होतं; गडी कोणत्या आकड्याला जातोय ते मी पाहिलंच नव्हतं.

पण मी नुकतंच, साहेबांच्या देखत, 'तीनतीनदा तपासलंय' असं म्हणून बसलो होतो. मेमोला तीन महिने झाले नव्हते. क्वार्टरमध्ये रजिस्टर उघडून उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात ओव्हाळ नव्हतेच. एकच गोष्ट होती, की साहेब म्हणतील, 'पुन्हा आकड्यांत घोटाळा ना, निरगुडकर?' म्हणून मी असं वाक्य शोधलं, जे खोटं नव्हतं. रजिस्टरला तीन आहे. पुढचं सगळं इतरांनी बोलावं म्हणून मी गप्प राहिलो, आणि ते बोलले. त्यांना इतकं पटकन पटलं कसं, आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या कार्डावर पाच निघाला असता तर आधी ब्लेडच आठवलं असतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

दुसऱ्या शनिवारी ओव्हाळ आले नाहीत. त्यांचे उरलेले सामने बाय धरले, म्हणजे न खेळताच गुण समोरच्याला.

मला वाटलं होतं, गोष्ट करमणूक केंद्रात राहील. राहिली नाही. बुधवारी साहेबांनी ओव्हाळांनी केलेला एक नकाशा सहीसाठी आला असता परत पाठवला. 'मूळ कागदाशी आकडे ताडून पाहावेत.' पूर्वी असं कधी झालं नव्हतं. ताडून पाहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. मी ओव्हाळांच्या टेबलाशी उभा राहून माझेच आकडे मोठ्याने वाचायचो आणि ते त्यांच्या नकाशावर बोट ठेवून "आहे," "आहे," म्हणत जायचे. दीड महिन्यात एकही आकडा चुकीचा निघाला नाही. मठपती त्यांना पेनाच्या निबा देताना म्हणायचे, "ब्लेडसुद्धा हवं का, ओव्हाळ?" एकदा मी हे ऐकलं. माझ्या हातात फाइल होती. मी फाइलीत बघत पुढे गेलो.

डिसेंबरात त्यांनी बदली मागितली. विनंती बदली, तीही सव्वातीनशे किलोमीटरवरच्या एका उपविभागात, जिथे कुणी मागून जात नाही. लगेच मिळाली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, चारच्या सुमाराला, ऑफिसात त्यांचा निरोप झाला. साहेबांनी नारळ आणि टॉवेल दिला. दोन शब्दही बोलले, 'ओव्हाळांचं अक्षर आम्हाला आठवत राहील' वगैरे. ओव्हाळांनी सगळ्यांना नमस्कार केला, पण बोलायला उभे राहिले नाहीत. बाहेर ट्रक थांबला होता. ते निघाले, आणि बाकीचे चहाची वाट बघत आतच बसले.

मी त्यांच्या मागे बाहेर गेलो. ट्रकमध्ये संसार भरून झाला होता. पलंग, दोन पत्र्याच्या पेट्या, शिवणयंत्र. त्यांची बायको मुलीला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली होती. ओव्हाळ मागच्या बाजूला दोर आवळत होते.

"ओव्हाळ," मी म्हणालो. "तो पाच माझाच होता."

त्यांनी गाठ मारायची थांबवली नाही. "माहीत आहे."

"म्हणजे?"

"त्याच दिवशी बघितलं होतं. तुमच्या पाचाची वरची रेघ सुटलेली असती, रावसाहेब. धडाला टेकत नाही. दोन वर्षं मी ती नकाशात जोडून देतोय."

 मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी सांगून कुणी ऐकलं असतं?" त्यांनी दोराचं टोक कडीतून ओढलं. "तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं. म्हणून तुम्हाला विचारलं. दोनदा विचारलं."

"मी सांगतो सगळ्यांना. सोमवारी. शपथेवर सांगतो."

ओव्हाळ पहिल्यांदा माझ्याकडे वळले. दोर त्यांनी हातातून सोडून दिला.

"सोमवारी कशाला? सगळे आत बसलेत की. चला. ट्रक थांबंल पाच मिनिटं."

खिडकीतून फडतऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. दार पंधरा पावलांवर होतं. ओव्हाळ खरंच निघायच्या बेतात होते. नारळ त्यांनी फळकुटावर ठेवला आणि शर्ट खाली ओढून नीट केला.

"आत्ता..." मी म्हणालो. "आत्ता साहेब आहेत तिथे. माझी कायम व्हायची फाइल परवाच वर गेलीय, ओव्हाळ. एवढी येऊ दे. मग मी स्वतः..."

वाक्य मी पुरं केलं नाही, त्यांनीही करायला लावलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रागाची रेघसुद्धा आली नाही. माझा चुकलेला कागद घेऊन टेबलाशी आले होते, त्या दिवशी दिसले होते तसेच ते दिसत होते. त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला, शेवटची गाठ मारली आणि ती ओढून बघितली.

"जावा आत," ते म्हणाले. "चहा निवंल."

ते पुढे जाऊन बसले. ट्रक वळणावर गेला तोवर मी तिथेच होतो. मग आत आलो.

"गेला?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"कामाला चोख होता हो. हात तर काय सुंदर! पण माणसावरचा विश्वास एकदा उडाला की उडाला." त्यांनी ट्रेमधला एक कप उचलून माझ्यापुढे केला. "काय, निरगुडकर?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"खरं आहे, साहेब," मी म्हणालो, आणि कप घेतला.